फराळाच्या हिशेबात आईची हजेरी

दिवाळी जवळ आली की शाळा-महाविद्यालयांत फराळविक्रीची चर्चा सुरू होते. कुणाला सहलीसाठी पैसे हवे असतात, कुणाला वाचनालयासाठी, कुणाला एखाद्या अडलेल्या वर्गमित्राच्या फीसाठी. मुलं चकली, शेव, शंकरपाळ्यांचे पुडे मांडून बसतात, गावकरी कौतुकानं घेतात आणि संध्याकाळी फळ्यावर जमा निधीचा आकडा लिहिला जातो. ही कल्पना मला मनापासून आवडते, म्हणूनच तिच्या हिशेबाबद्दल लिहायचं आहे. त्यात एक खर्च बहुतेक वेळा राहून जातो. तो म्हणजे चकली करणाऱ्या बाईची मजुरी.

चकली काही आयत्या वेळी होत नाही. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, हरभऱ्याची, उडदाची, मुगाची डाळ वेगवेगळी मंद आचेवर भाजायची, धने-जिरे घालून भाजणी दळून आणायची. मग पीठ भिजवा, मळा, सोऱ्या दाबा आणि तेलाचा ताव सांभाळत तळत बसा. अनारसे करायचे तर तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलावं लागतं. आणि हे दिवस कोणते? आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भातकापणी आलेली असते, पूर्वेकडे शेतांतून सोयाबीनची काढणी आणि कांद्याच्या रोपांची लगबग असते. बाई दिवसभर रानात असते आणि शाळेचा फराळ रात्री जागून करते.

एक साधा हिशेब मांडू. समजा, वीस किलो चकलीच्या साहित्याला ३,००० रुपये लागले आणि साडेतीनशे रुपये किलोनं ७,००० रुपयांची विक्री झाली. फळ्यावर ४,००० रुपये नफा लिहिला जातो. पण चार बायकांनी दोन दिवस काम केलं असेल आणि त्यांची हजेरी तीनशे रुपये धरली, तर मजुरीच २,४०० रुपये होते. मग चकलीनं मिळवलेला नफा उरतो १,६०० रुपये. बाकीचे पैसे त्या चार बायकांनी दिलेली देणगी आहे. ही देणगी त्या आनंदानं देतात, पण ती कुठेच लिहिली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

शिक्षणासाठी घराघरातून मदत उभी करण्याची आपली परंपरा मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाची सोय करताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. त्यांचा त्याग आज महाराष्ट्राला ठाऊक आहे, कारण संस्थेनं तो सांगितला, पुढच्या पिढ्यांना शिकवला. याच कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. त्यात शिकणाऱ्यानं स्वतःच्या हातांनी राबणं अपेक्षित होतं. मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय याच संस्थेचं. त्यामुळे ही शिकवण आपल्या भागाला परकी नाही.

त्या शिकवणीप्रमाणे फराळाचं काम मुलांच्या हाती यायला हवं. आणि मुलं म्हणजे फक्त मुली नव्हेत. डाळी निवडणं, दळण आणणं, पीठ मळणं, वजन करणं, पुडे बांधणं, वही लिहिणं ही कामं मुलगेही करू शकतात. कढईजवळ मोठं माणूस असावं, एवढंच. किलोमागे तेल किती लागलं, पुड्याचा भाव कसा ठरवायचा, उधारी कशी वसूल करायची, हे गणित एकदा स्वतः केलेलं मूल विसरत नाही.

विकायला काय ठेवायचं, याचाही विचार व्हावा. आपल्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी शेतकरी नाचणी आणि भात पिकवतात. त्यांच्याकडून रास्त भावानं नाचणी घेऊन लाडू केले, तर निधीतला काही पैसा आधी आपल्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी जाईल. पुड्यावर घटक आणि केल्याची तारीख लिहावी, शेंगदाणे असतील तर तेही नमूद करावं. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. विक्री मोठी असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीची चौकशी आधीच करून घ्यावी.

शिक्षकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत फळ्यावर तीन ओळी लिहा: साहित्याचा खर्च, मजुरी आणि निधी. ज्यांनी मजुरी घेतली नाही, त्यांची नावं देणगीदारांच्या यादीत रकमेसह लावा. पाहुण्यांच्या हस्ते सत्कार होतात, त्यात या बायकांनाही बोलवा. आणि वाचकहो, पुडा घेताना भावासाठी घासाघीस करू नका. चकलीचा योग्य भाव मोजणं हीसुद्धा शाळेला दिलेली मदतच आहे.