जमा-खर्च : जूनच्या वह्या आणि ऑक्टोबरचा पास

गेल्या रविवारी आमच्या वाडीच्या विहारात शिक्षण निधीचा वर्षाचा हिशेब वाचला. खजिनदार म्हणून वाचणारा मीच. जमेची बाजू ऐकून टाळ्या पडल्या. खर्चाची बाजू वाचताना मात्र माझाच आवाज खाली आला. वह्या आणि दप्तरे एका बाजूला. मंडप, बॅनर, हार, पाहुण्यांचा नाश्ता आणि फोटो दुसऱ्या बाजूला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच! कोणी काही बोलले नाही. शेवटी बायकांच्या रांगेतून एक माउली उठली आणि म्हणाली, "भाऊ, ह्या सगळ्यात माझ्या झिलाच्या पासाचे पैशे खंय आसत?"

तिचा मुलगा गेल्या वर्षी अकरावीत होता. ती काजूच्या कारखान्यात जाते. जूनमध्ये आम्ही त्या मुलाला स्टेजवर बोलावून सहा वह्या दिल्या, फोटोही काढला. पण कॉलेज गावापासून लांब. एस.टी.चा पास मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत मिळतो. मुलग्यांना सवलत आहे, तरी पैसे मोजावेच लागतात, आणि ते दर महिन्याला. ऑक्टोबरात कारखान्याचे काम काही आठवडे बसले, पास निघाला नाही, मुलगा घरी राहिला. दिवाळी झाली, पर्यटक आले आणि तो तारकर्लीकडे एका हॉटेलात भांडी घासायला लागला. आम्हा कार्यकर्त्यांना हे कळले जानेवारीत. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा माळ्यावर त्या सहा वह्या होत्या. चार कोऱ्या.

वाचकहो, देणगी आणि मदत यांत फरक आहे. तो मला बी.कॉम.च्या पुस्तकाने शिकवला नाही, त्या माळ्याने शिकवला.

आपल्या जिल्ह्यातले एक नाव येथे घेतले पाहिजे. वेंगुर्ले तालुक्यातील केळूस गावी १८६० साली जन्मलेले कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा शाळकरी भीमराव त्यांच्या नजरेस पडला. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, हे आपल्या घराघरांत सांगतात. पुढची हकिगत कमी सांगितली जाते. कॉलेजचा खर्च सुभेदार रामजींना झेपेना, तेव्हा हेच केळुसकर गुरुजी त्या मुलाला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये बांधून दिले. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. गुरुजी आपल्या जातीचे नव्हते, नात्याचे नव्हते. मुलाचे अडले आहे हे त्यांना ठाऊक होते, कारण सत्कारानंतरही ते त्याची चौकशी करीत राहिले.

दरमहा हा शब्द महत्त्वाचा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडातही हेच होते: घरातली बाई मूठभर धान्य बाजूला काढायची. मूठ लहान, पण खंड नाही. आणि खुद्द बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात उत्पन्नाचा विसावा भाग मागितला होता. आपण जयंतीची वर्गणी देतो, आणि विसावा भाग दिला असे समजतो. मीही त्यातलाच. त्या सभेत हिशेब करून पाहिला, तेव्हा माझे वर्षाचे देणे पगाराच्या शंभराव्या भागाइतकेही भरले नाही.

मग ठरले ते असे. नोकरदारांनी पगाराच्या दिवशी ठरलेला हप्ता द्यायचा, पन्नास रुपयेसुद्धा चालतील, पण पावती घेऊनच. मुंबईकर मंडळींनी मे महिन्यात गावी येऊन एकरकमी देण्याऐवजी महिन्याला पाठवावे. प्रत्येक मुलामागे एक कार्यकर्ता. त्याने गणपतीच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर मुलाच्या घरी जायचेच. आणि वह्या घरपोच. स्टेज नाही, फोटो नाही.

शेवटच्या कलमावर वाद झाला. आमचे एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "फोटो नसेल तर देणारे पुढच्या वर्षी देणार नाहीत." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. काही नावे गळतील, मीही ती मनात मोजली. शेवटी असे ठरले की फोटो काढायचा तर देणाऱ्यांचा काढावा, मुलांचा नको. यावर सभा हसली, ते कार्यकर्तेही हसले, पण त्यांनी अजून हप्ता लिहून दिलेला नाही.

त्या मुलाला मी बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरण्याबद्दल विचारले. तो म्हणाला, "हॉटेलवाल्याक विचारून सांगतंय." पर्यटकांचा हंगाम संपला की त्याला सवड मिळेल, पण फॉर्मची मुदत हंगामासाठी थांबत नाही. म्हणून येत्या रविवारी सकाळी विहारात हप्ते जमा करून दुपारी मी हॉटेलवाल्याकडेच जाणार आहे.