छप्पर कुणाचं, ऊन कुणाचं?

मुलांनो, रथसप्तमीला तुमच्या घरी दूध उतू गेलं का? एरवी दूध उतू गेलं की घरात बोलणी बसतात. पण त्या एका दिवशी अंगणात गोवऱ्या पेटवायच्या, त्यावर बोळकं ठेवायचं आणि सूर्याकडे तोंड करून दूध मुद्दाम उतू जाऊ द्यायचं! आमच्या सासूबाई तर ते कुठल्या दिशेला उतू गेलं हे बारकाईने बघतात आणि त्यावरून येतं वर्ष कसं जाईल ते सांगतात. गेल्या वर्षी त्यांनी सांगितलं होतं, "पाऊस बरा होईल." आता 'बरा' म्हणजे किती, हे त्या दुधालाच ठाऊक!

यंदा २०२६ ची रथसप्तमी आली रविवारी, दुसऱ्या दिवशी झेंडावंदन. म्हणून आमच्या चौथीच्या वर्गाची रथसप्तमी मंगळवारी फळ्यावर साजरी झाली. मी सात घोड्यांचा रथ काढला. (चार घोडे बरे जमले, उरलेले तीन शेळ्यांसारखे दिसत होते, हे मुलांनी लगेच सांगितलं.) मग रथाखाली एक उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडे लिहिलं 'होईल', उजवीकडे लिहिलं 'व्हावं'. मुलांना म्हटलं, "सासूबाई दुधावरून सांगतात, आपण डोकं वापरून सांगू. घरांच्या छपरांवर सूर्यापासून वीज करतात ना, त्या कामात पुढच्या रथसप्तमीपर्यंत काय होईल आणि काय व्हावं, ते चिठ्ठीवर लिहा आणि योग्य बाजूला चिकटवा."

भाकीत वेगळं आणि आशा वेगळी, बरं का! 'उद्या पाऊस पडेल' हे भाकीत. 'उद्या सहल आहे, पाऊस पडू नये' ही आशा. मोठी माणसंसुद्धा या दोन्हींची खिचडी करतात, म्हणून मधे ती रेघ.

भराभर चिठ्ठ्या आल्या. 'आमच्या घरी पॅनेल बसेल.' 'लाइट बिल येणार नाही.' 'सगळ्या गावात बसावं.' शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी चिठ्ठी हातात धरून फळ्यापाशी आली आणि तिथेच उभी राहिली. "बाई, ही कुठल्या बाजूला लावू?" चिठ्ठीत लिहिलं होतं : 'आमच्या पत्र्यावर ऊन खूप पडतं. पण पत्रा आमचा नाही, घरमालकांचा आहे.'

मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हटलं, "थांब, आधी आपण सगळं नीट समजून घेऊ." तुम्हीही आमच्याबरोबर बसा.

आधी ही वीज होते कशी? सिलिकॉन नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्यांवर ऊन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन हलतात आणि वीज वाहू लागते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली असा पहिला कामाला येण्याजोगा सौरघट जगाला दाखवला. चारच वर्षांनी, १९५८ साली, 'व्हॅनगार्ड-१' हा उपग्रह असे घट घेऊन अवकाशात गेला. म्हणजे जी वस्तू आधी अवकाशात गेली, ती आता आपल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी येऊन बसली आहे!

पॅनेलमधून निघणारी वीज असते दिष्ट, आणि घरातला पंखा चालतो प्रत्यावर्ती विजेवर. हा बदल करणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. एक किलोवॉटच्या पॅनेलना साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यांच्यापासून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. महिन्याचे किती? बरोबर, १२०. दुपारी घरात कुणी नसलं, तर जास्तीची वीज तारेवरून बाहेर जाते आणि रात्री तेवढी परत घेता येते. शेजारणीला वाटीभर साखर द्यायची आणि अडीअडचणीला वाटीभर आणायची, तसंच. दिलेल्या आणि आणलेल्या वाट्या मोजणाऱ्या मीटरला नेट मीटर म्हणतात.

आता पैशांचं बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मदत. बेरीज करा. ७८,०००! याहून जास्त मिळत नाही. सरकारने तीन किलोवॉटसाठी धरलेला खर्च आहे १,४५,००० रुपये. वजा ७८,०००, म्हणजे उरले ६७,०००. ते घरच्यांनी घालायचे. प्रत्यक्षात खर्च थोडा पुढेमागे होतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

चला, आता 'होईल'ची बाजू.

योजनेचं लक्ष्य आहे एक कोटी घरं, मुदत मार्च २०२७ पर्यंत. मार्च २०२५ मध्ये १० लाख घरांचा टप्पा गाठला गेला. २०२५ संपता संपता हा लाभ साधारण २४ लाख घरांपर्यंत पोचला. आता हे गणित चौथीतलंसुद्धा नाही, तिसरीतलं आहे. नऊ महिन्यांत १४ लाख घरं, म्हणजे महिन्याला दीड लाखाच्या आसपास. उरली ७६ लाख, आणि जानेवारी २०२६ पासून महिने उरले पंधरा. म्हणजे महिन्याला पाच लाखांहून जास्त घरं व्हायला हवीत. वेग तिपटीहून वाढला पाहिजे! म्हणून माझं पहिलं भाकीत : घरं खूप वाढतील, पण एक कोटीचा आकडा वेळेत पुरा होईल असं मला वाटत नाही. मी चुकले तर पेढे वाटीन.

दुसरं भाकीत : येत्या वर्षी घरोघरी पॅनेलपेक्षा बॅटरीबद्दल जास्त बोललं जाईल. कारण सांगते. आमच्या घरी पॅनेल बसले तेव्हा माझ्या मुलाने सगळ्या आळीत सांगितलं, "आता आमच्याकडे लाइट जाणारच नाही!" आणि आठ दिवसांत भर दुपारी गेली की वीज. वर लख्ख ऊन, आणि घरात पंखा बंद. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण ते बरोबरच आहे. बाहेरची वीज गेली की साधा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. न होता तर काय झालं असतं? आमच्या गच्चीवरची वीज तारेत गेली असती, आणि खांबावर चढलेल्या वायरमन दादांना धक्का बसला असता. वीज साठवायची तर बॅटरी हवी. आणि गंमत बघा, दुपारी ऊन भरपूर असतं पण माणसं घरात नसतात. संध्याकाळी सगळे घरी येतात, दिवे, टीव्ही, मिक्सर सगळं चालू होतं, आणि नेमका तेव्हाच सूर्य घरी जातो! जितके जास्त पॅनेल बसतील, तितका हा संध्याकाळचा प्रश्न मोठा होत जाणार.

आता 'व्हावं'ची बाजू. पहिली आशा लिहिताना मला थोडी लाज वाटते, पण सांगतेच.

आमच्या घरी बसवणारे गृहस्थ पाहणीला आले मे महिन्यात, दुपारी बारा वाजता. गच्ची बघितली, म्हणाले, "मॅडम, सावलीचं नावच नाही!" खरंच नव्हतं. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. 'शून्य सावली'चा दिवस मी दर वर्षी मुलांना शिकवते! पण डिसेंबर आला. सूर्य दक्षिणेला कलला आणि दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या टाकीची सावली लांबत लांबत आमच्या सहापैकी दोन पॅनेलवर येऊन बसली. आता टाकी हलवता येत नाही आणि पॅनेल हलवायचे तर पुन्हा खर्च. वर्गात काठी रोवून सावली मोजायला लावणाऱ्या बाई स्वतःच्या गच्चीवर काठी घेऊन गेल्याच नाहीत!

सहापैकी दोनांवर सावली, मग चारांची वीज तरी पूर्ण मिळेल ना? नेहमी तसंही नाही. पॅनेल एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. घमेली हातोहात पुढे देणाऱ्या रांगेत एक जण पेंगला की सगळ्यांचं काम मंदावतं, तसं होतं. यासाठी पॅनेलच्या आत विजेला पळवाट ठेवलेली असते, तरी तोटा व्हायचा तो होतोच. म्हणून माझी आशा : पॅनेल बसवण्याआधी प्रत्येक घरी डिसेंबरातल्या सावलीचा विचार व्हावा. पॅनेल पंचवीस वर्षांसाठी घेतात, ती काही एका दुपारची गोष्ट नाही.

दुसरी आशा : निगा राखणारी माणसं गावातच तयार व्हावीत. पॅनेलवर धूळ बसते, पक्षी घाण करतात, माकडं उड्या मारतात. बसवणारे एकदा गेले की फोन उचलायला त्यांना सवड नसते, हा अनुभव पुष्कळांचा आहे. २०१५ साली सरकारने 'सूर्यमित्र' नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. गावात जसा सायकलचं पंक्चर काढणारा असतो, तसा एक तरी सूर्यमित्र असावा. आणि ती एखादी ताई असली तर मला फारच आवडेल.

आणि आता मागच्या बाकावरची चिठ्ठी.

या कामात एक मोठी गफलत होऊ शकते. ज्याच्याकडे पक्की गच्ची आहे, हाताशी पैसे आहेत आणि ज्याचं बिल मोठं आहे, त्याच्याकडे पॅनेल आधी पोचतात. ज्याचं घर भाड्याचं, पत्रा गंजका आणि कमाई रोजची, तो रांगेत शेवटी. ऊन मात्र दोघांच्या छपरांवर सारखंच पडतं. मग काही वाट आहे का? आहे.

सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचं छोटंसं गाव आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम झालं. तिथे एकट्यादुकट्याने नाही, गावाने मिळून ठरवलं. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी जादा मदत देणारी 'स्मार्ट' नावाची योजना मंजूर केली. ही दुसरी वाट. पण या दोन्हींत छप्पर आपलं लागतं.

तिसरी वाट अशी : पॅनेल एका मोठ्या जागेवर बसवायचे आणि त्यांची वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून वजा करायची. दिल्लीत २०१९ सालीच याचे नियम निघाले. विचार करा, शाळेचं किंवा समाजमंदिराचं छप्पर, आणि त्यातला एक हिस्सा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घराचा! घर बदललं तरी बिलाबरोबर हिस्सा पुढे जाईल. ही माझी तिसरी आशा, आणि सगळ्यांत मोठी. कारण येत्या वर्षी किती पॅनेल बसले, हे पेपरात छापून येईलच. पण ते कुणाच्या घरापर्यंत पोचले, हे विचारावं लागेल. तुम्ही विचाराल ना?

मी हे सगळं सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "मग बाई, ही 'होईल'मध्ये नाही जात?" मी खरं ते सांगितलं, "अजून नाही." तिने थोडा विचार केला आणि चिठ्ठी बरोबर मधल्या रेघेवर चिकटवली. मीही ती तिथेच राहू दिली.

आता तुमचं काम. एक मीटर उंचीची काठी घ्या. अंगणात किंवा मोकळ्या जागेत सरळ रोवा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता तिची सावली मोजून वहीत लिहा. दर महिन्याच्या एकाच तारखेला हेच करा. डिसेंबरात दुपारची सावली जवळजवळ काठीइतकी लांब झालेली दिसेल, आणि मेमध्ये ती जणू लपूनच बसेल! घराभोवतीची झाडं आणि टाक्या यांची सावली कुठवर येते तेही बघा, पण अंगणातूनच. छपरावर एकट्याने चढायचं नाही, हे मी दोनदा सांगणार नाही. कुणाच्या घरी पॅनेल बसणार असतील, तर ही वही बसवणाऱ्या काकांना खुशाल दाखवा. एका बाईंची चूक तरी टळेल!

आणि हो, तुमचीही एक 'होईल' आणि एक 'व्हावं' अशा दोन चिठ्ठ्या मला पाठवा. आमच्या वर्गातल्या चिठ्ठ्या आम्ही बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत. डबा उघडायचा १३ फेब्रुवारी २०२७ ला, पुढच्या रथसप्तमीला. तेव्हा योजनेच्या मुदतीला दीडएक महिना उरलेला असेल आणि माझी चौथीतली मुलं पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेलेली असतील. मी सगळ्यांना बोलावणार आहे. मागच्या बाकावरचीला तर नक्कीच. तिची चिठ्ठी कुठल्या बाजूला लावायची, ते तेव्हा पुन्हा एकदा बघू.

तुमच्या,
बाई