१७ सप्टेंबर आणि कपाटातला अहवाल

दहावीच्या इतिहासात 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' हा धडा आपण दरवर्षी शिकवतो. वस्तुसंग्रहालय म्हणजे काय, अभिलेखागार म्हणजे काय, हे मुलं पाठ करतात आणि गुण मिळवतात. कागदाला वाळवीची भीती असते हे त्यांना माहीत असतं. काही कागदांना मात्र माणसांचीच भीती जास्त असते. ज्या कागदाने कुणाचं मन दुखेल, तो ठेवावा का? ठेवला तर दाखवावा का? नांदेड-लातूरच्या शिक्षकाला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. दर वर्षी आपण स्वामी रामानंद तीर्थांबद्दल बोलतो, उमरीच्या बँकेबद्दल बोलतो. बोलायलाच हवं. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा तर लातूरचाच वकील. ज्यांच्या घरांनी ते सोसलं, त्यांची नातवंडं-पतवंडं आज आपल्या वर्गात आहेत.

पण त्यानंतरच्या काही आठवड्यांत काय झालं, तिथे आपलं भाषण थांबतं. रझाकारांचा राग सामान्य मुसलमान कुटुंबांवर निघाला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिचे दुसरे दोन सदस्य. संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत ही मंडळी हिंडली, शेकडो लोकांशी बोलली. किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वात जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशकं तो सर्वसामान्य वाचकाच्या हाती आला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो बघायला मिळतो, अशी बातमी सगळीकडे झाली ती २०१३ साली.

बंद ठेवून साधलं काय? एका घरात मेलेल्यांचा आकडा लाखांवर गेला, दुसऱ्या घरात 'तसं काही झालंच नाही' असं ठरून गेलं. दोन्हीकडची मुलं एकाच बाकावर बसतात. कागद समोर असता तर निदान वाद तरी त्या कागदावर झाला असता.

आणि वाद घालण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. आकडा मोजलेला नाही, लोकांच्या सांगण्यावरून काढलेला अंदाज आहे. सरकारमध्येही तो सर्वांना मान्य नव्हता. त्याच अहवालात रझाकारांच्या अत्याचारांचीही नोंद आहे, आणि जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही. मुसलमान विणकरांच्या आड उभे राहिलेले हिंदू विणकर त्यात आहेत. अहवाल दडवला तेव्हा हे लोकही दडले गेले. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

पालक विचारतात, "सर, गावात सगळं शांत आहे, पोरांच्या डोक्यात हे कशाला भरता?" काळजी खोटी नाही. पाचवीच्या वर्गात मी हे काढणारही नाही. पण नववी-दहावीच्या पोरांच्या मोबाईलवर हे आधीच आलेलं असतं, अर्धं कापून आणि भडक संगीत लावून. संग्रहालय वा वर्ग गप्प बसला तर शिकवणारा तो मोबाईलच.

मग दाखवायचं कसं? बर्लिनमध्ये गेस्टापोचं मुख्यालय जिथे होतं, त्याच जागेवर नाझींचे कागद आणि फोटो मांडलेले आहेत. प्रत्येकाखाली कुणी, केव्हा, कशासाठी, हे लिहिलेलं. आपल्याकडेही रझाकारांच्या जुलमाचे दाखले आणि सुंदरलाल अहवाल एकाच दालनात, शेजारी शेजारी हवेत. मूळ कागदातला एकही शब्द खोडू नये, मग तो शिवीसारखा का असेना. मात्र तोच शब्द मोठ्या अक्षरांत भिंतीवर रंगवायचीही गरज नाही.

हे सांभाळणाऱ्यांना भीती वाटते, हेही खरं. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. राग होता एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावर, फटका बसला जुन्या ग्रंथांना आणि पोथ्यांना. असं पाहिलेला अधिकारी कपाटाला कुलूपच लावणार! त्याला संरक्षण दिल्याशिवाय त्याच्याकडून धाडसाची अपेक्षा करणं बरोबर नाही.

आपल्या हातात आहे तेवढं तर करू. १९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसं आता पंच्याऐंशी पार केलेली आहेत. उपक्रम म्हणून मुलांना त्यांच्याकडे पाठवा, दोन्ही समाजांच्या घरी. आधी परवानगी घ्यायची, सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय आणि गाव लिहायचं, स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं नोंदवायचं. कुणी एखाद्या मारेकऱ्याचं नाव घेतलं तर ते वहीत राहू द्यावं, व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ देऊ नये. त्याचीही नातवंडं आपल्याच शाळेत असू शकतात.