‘गं’चा अर्थ आणि आमची ‘संहिता’

वाईच्या ढोल्या गणपतीपासून सांगलीच्या गणपती मंदिरापर्यंत कृष्णाकाठी ज्या गणपत्यथर्वशीर्षाची आवर्तने चालतात, ते साहित्यमीमांसेचा विषय होऊ शकते, हे आमच्या मराठी विभागांच्या गावीही नाही. ‘भक्तिपर’ असा शिक्का मारून ते पूजेच्या पुस्तिकांकडे सोपविले, की आपण मोकळे! पुस्तिकाकार मग ‘गं’ या बीजाचा ‘अर्थ’ सांगतात. प्रत्येक वर्णाला एकेक अभीष्ट वाटून दिले जाते आणि अलीकडे त्यावर कंपनांच्या ‘विज्ञाना’चा मुलामाही चढतो.

मूळ ग्रंथ यांपैकी काहीच करीत नाही. तो आधी कोडे घालतो. ‘गण’ शब्दाचा आदिवर्ण घ्यावा, नंतर वर्णमालेचा आदिवर्ण, त्यापुढे अनुस्वार. तांत्रिक परंपरेत यालाच मंत्रोद्धार म्हणतात. मग तो वर्णांची नावे घेऊन त्यांचा क्रम लावतो, नादाकडे जोडण्याचे काम देतो आणि हा सांधा म्हणजेच ‘संहिता’ असे सांगतो. पूर्वरूप, उत्तररूप, संधी, संधान ही चौकट तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लीतली आहे. तेथे ती पृथ्वी व द्युलोक यांनाही लावलेली आहे. पाणिनीने (१.४.१०९) वर्णांच्या अतिशय सान्निध्याला संहिता म्हटले. म्हणजे येथे व्याकरणाची परिभाषाच उपास्याचे वर्णन झाली आहे.

गंमत अशी, की बार्थचे नाव घेऊन ‘संहिता’ हा शब्द आम्ही उठताबसता वापरतो, तो एका परकीय संज्ञेचा पर्याय म्हणून. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या पाठाच्या ऐन मर्मस्थानी तोच शब्द पारिभाषिक अर्थाने उभा आहे, हे मात्र आमच्या कानांवरून जाते.

फ्रिट्स स्टाल यांनी ‘रूल्स विदाउट मीनिंग’मध्ये (१९८९) मंत्र अर्थहीन ठरविले. हा पक्ष नवा नाही. निरुक्तात यास्काने तो कौत्साच्या नावाने मांडून खोडला आहे, आणि मीमांसकांनी मंत्र हे अनुष्ठानातील अर्थाचे स्मरण करून देतात असे उत्तर दिले आहे. पुस्तिकाकार आणि स्टाल परस्परविरोधी दिसतात खरे. पण अर्थ म्हणजे शब्दाने दाखविलेली वस्तू, हे दोघांचेही गृहीतक एकच. एकाला ती वस्तू सापडते, दुसऱ्याला सापडत नाही, इतकेच. अथर्वशीर्ष ‘गं’चा वाच्यार्थ सांगत बसत नाही, त्याची घडण उलगडते, आणि ही घडण जाणणे यालाच ते विद्या म्हणते.

हा ग्रंथ उत्तरकालीन आहे, असा आक्षेप येईल. असेना! व्याकरणाची शतकानुशतकांची परिभाषा हाताशी असलेल्या रचनाकाराने ती उपासनेत आणली, हे अभ्यासकाला अधिक मोलाचे वाटायला हवे. उपनिषद्ब्रह्मयोगींना अठराव्या शतकात १०८ उपनिषदांबरोबर यावरही भाष्य लिहावेसे वाटले. केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा मीमांसाकोश तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेतूनच निघाला. मंत्रार्थाच्या वादाची साधने इतकी जवळ असता पदव्युत्तर वर्गात अर्थनिर्णयाची चर्चा सोस्यूरपासूनच का सुरू व्हावी, याचे उत्तर अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी द्यावे.