विलायती वाड्याचा जमाखर्च

सुशिक्षित मंडळींच्या अभिरुचीचेही काही शिष्टसंमत संकेत असतात. त्यांतला अलीकडचा एक असा : विलायती सरदारघराण्यांच्या गतकालीन मालिका पाहणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण, आणि तिकडच्याच खुनाच्या व चोरीच्या रहस्यमालिका पाहणे ही फावल्या वेळची क्षम्य चैन. ‘डाउन्टन ॲबी’ पाहिल्याचे चारचौघांत अभिमानाने सांगावयाचे. प्वारोची किंवा होम्सची गोष्ट निघाली म्हणजे मात्र ‘सहज, करमणूक म्हणून’ असे म्हणून विषय बदलावयाचा. आमच्या मते हा संकेत सर्वस्वी उलटा आहे. वाङ्मयीन प्रतिष्ठा मिरवणाऱ्या या पोशाखी मालिकांपेक्षा, ज्यांना आपण हलक्या मानतो त्या रहस्यकथा अधिक प्रामाणिक आहेत. आणि ज्या देशाच्या पैशावर विलायती वाड्यांपैकी कित्येक उभे राहिले, त्या देशातील प्रेक्षकांनी तरी ही गोष्ट ओळखली पाहिजे, एवढेच येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रथम या संकेताचे मूळ पाहू. ते विलायतेत नाही, अमेरिकेत आहे. १९६७ च्या कायद्याने तेथे सार्वजनिक प्रसारणास सरकारी आश्रय मिळाला, आणि १० जानेवारी १९७१ रोजी बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राचा ‘मास्टरपीस थिएटर’ हा कार्यक्रम सुरू झाला. ॲलिस्टर कुक हे बहुश्रुत गृहस्थ खुर्चीत बसून प्रत्येक मालिकेचे प्रास्ताविक करीत. हा क्रम १९९२ पर्यंत चालला. खर्चाचा भार मोबिल या तेलकंपनीने उचलला होता. त्यावरून पब्लिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस या संस्थेच्या नावातील ‘पब्लिक’ काढून तेथे ‘पेट्रोलियम’ घालण्याची थट्टाही रूढ झाली. पुढे १९८० मध्ये रहस्यकथांसाठी ‘मिस्टरी’ नावाचा वेगळा कार्यक्रम निघाला. वाङ्मय एका पंगतीस बसले, प्रेते दुसऱ्या पंगतीस गेली, आणि पंक्तिभेद कायमचा झाला.

यातील गंमत अशी, की दोन्ही पंगतींचे अन्न बहुधा एकाच मुदपाकखान्यातले होते. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’, ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’, ‘द ज्युवेल इन द क्राउन’ व ‘डाउन्टन ॲबी’ ही मानाची ताटे. जेरेमी ब्रेटचा होम्स, डेव्हिड सूशेचा प्वारो आणि ऑक्सफर्डचा इन्स्पेक्टर मोर्स ही दुसरीकडची. ही सारीच विलायतेतील आयटीव्ही या व्यापारी वाहिनीवरील निर्मिती! तेथे ज्यांच्या मधोमध जाहिराती लागत, त्यांतील काहींना अटलांटिक ओलांडताच अभिजात वाङ्मयाचा दर्जा मिळाला. एकाच मागावरच्या कापडातून एकाचा शालू झाला व दुसऱ्याचा पंचा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ही वर्गवारी तेथल्या सुशिक्षितांबरोबर स्वीकारली. आणि आता आंतरजालामुळे याच मालिका पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत येऊ लागल्यावर, मालाबरोबर त्याची विलायती चिठ्ठीही आपण न वाचता जपून ठेवली आहे.

आता या पोशाखी मालिकांचे स्वरूप पाहावे. त्यांत खरा नायक असतो तो वाडा. माणसे येतात, प्रेम करतात, युद्धावर जातात, मरतात. वाडा मात्र राहतो, आणि तो राहावा अशीच प्रेक्षकाची इच्छा व्हावी अशी सारी मांडणी असते. या मालिकांत कलागुण नाहीत असे आम्ही म्हणत नाही. अभिनय उत्कृष्ट, भाषा नेमकी, वेषभूषा बिनचूक. १९७१ ते १९७५ या काळात ६८ भागांत प्रसृत झालेल्या ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ने तर बेलामी कुटुंबाच्या माडीइतकेच महत्त्व तळघरातील स्वयंपाकीणबाईला व बटलरला दिले, हे तिचे मोठेच श्रेय. वरच्यांचे सुख खालच्यांच्या श्रमांवर चालते एवढे तिने स्पष्ट दाखविले. पण तळघराच्याही खाली एक जमीन असते. तिचा सातबारा कोणाच्या नावावर होता, हा प्रश्न तिलाही सुचला नाही.

उदाहरणासाठी फार लांब जावयास नको. ‘डाउन्टन ॲबी’तील ग्रँथम कुटुंबाच्या लंडनमधील घराचे अंतर्भाग ज्या वास्तूत चित्रित झाले, ती बर्कशायरमधील बॅसिल्डन पार्क होय. १७७६ पासून पुढे ती बांधविली फ्रान्सिस साइक्स याने. हा साइक्स कोण? ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, क्लाइव्हच्या वर्तुळातला, मुर्शिदाबादच्या दरबारातील कंपनीचा रेसिडेंट. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली. १७७० च्या सुमारास बंगालात अतिभीषण दुष्काळ पडून अगणित माणसे मेली. आणि त्याच दशकात, बंगालात गबर होऊन परतलेल्या या गृहस्थाचा वाडा टेम्स नदीच्या खोऱ्यात उभा राहू लागला. २००५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या चित्रपटात हाच वाडा बिंग्ली याचे नेदरफील्ड म्हणून झळकला. तेथील नृत्यसमारंभ पाहताना पायांखालच्या फरशीचा हिशेब आपल्यापैकी किती जणांच्या मनात आला असेल? हे एकच अपवादात्मक घर आहे असेही नाही. जुन्या वास्तूंचे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये जो अहवाल काढला, त्यात आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध असल्याचे नमूद केले.

कोणी म्हणेल, की कथेने प्रत्येक विटेचा इतिहास सांगावा हा आग्रह अरसिकपणाचा आहे. हे म्हणणे आम्ही मान्य केले असते, जर या मालिका पैशाविषयी मुळीच बोलत नसत्या. पण त्या पैशाविषयी अखंड बोलत असतात. ग्रँथमच्या अर्लने पत्नी केली ती तिच्या अमेरिकन संपत्तीसाठी. ती संपत्ती त्याने बुडविली ती कॅनडाच्या रेल्वेत. आणि तिला वाचविले ते जावयाच्या वारशाने. एवढा बारीक हिशेब जिथे आहे, तिथे वसाहतींचे पानच तेवढे वहीतून गळावे, याला अरसिकांपासून रक्षण म्हणत नाहीत. याला वही दुरुस्त करणे म्हणतात.

याउलट रहस्यकथेची रीत पाहा. तिचा पहिला प्रश्नच मुळी हा, की यात लाभ कोणाचा? मृत्युपत्र कोणाच्या नावे होते, दागिना कोठून आला, मृताचे पूर्वीचे उद्योग काय होते, हे विचारल्यावाचून शोधकाचे पाऊल पुढे पडत नाही. शिष्टाचाराने ज्या कपाटाकडे पाहू नये म्हणून सांगितलेले असते, ते उघडणे हाच त्याचा व्यवसाय. वाड्याच्या दृष्टीने हा पाहुणा केव्हाही असभ्य. पण सत्याच्या दृष्टीने तोच एक सभ्य.

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ ची, म्हणजे इंग्रजी रहस्यकथेच्या अगदी उगमाजवळची. तिच्या १९७२ च्या व १९९६ च्या बीबीसी रूपांतरांना ‘मास्टरपीस थिएटर’नेच आपल्या पंगतीत जागा दिली होती. तिचा आरंभ इंग्लंडमधील बागेत होत नाही. तो १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावात, एका इंग्रज अधिकाऱ्याने खून करून लुटलेल्या हिऱ्यापासून होतो. तो हिरा वाढदिवसाची भेट म्हणून यॉर्कशायरच्या एका घरात येतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. संशय जातो तो हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन ब्राह्मणांवर. चोर निघतो तो मात्र धर्मादाय मंडळांतून गोड व्याख्याने देणारा, स्त्रियांना अतिप्रिय असा प्रतिष्ठित इंग्रज! आणि शेवटी हिरा कोठे जातो? विलायतेच्या तिजोरीत नव्हे. सोमनाथाच्या मूर्तीच्या कपाळी परत जातो. राणीच्या राज्याचा सूर्य माथ्यावर असताना एका इंग्रज कादंबरीकाराने लुटीचा माल मूळ मालकास परत पोचविला, आणि तोही डिटेक्टिव्ह गोष्टीत. असा शेवट कोणत्या पोशाखी मालिकेत सापडेल?

ही नुसती कल्पनेची भरारी नव्हे, हे महाराष्ट्रीयांना तरी वेगळे सांगावयास नको. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून परंपरेने ओळखला जाणारा नाशिकचा हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीच्या हाती गेला, लंडनच्या जवाहिऱ्यांच्या दुकानात विकला गेला, आणि १८३७ मध्ये मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर या उमरावाने तो घेतला. तो सोमनाथाच्या हिऱ्यासारखा परत आला नाही, एवढाच कादंबरीत व इतिहासात फरक.

होम्सच्या गोष्टींतही हीच रीत दिसते. ‘द साइन ऑफ फोर’मधील खून घडतो लंडनच्या उपनगरात, त्याचे मूळ आहे सत्तावन्नच्या धामधुमीत आग्र्याच्या किल्ल्यात लपविलेल्या खजिन्यात, आणि तो खजिना आपल्या भागीदारांना फसवून घरी नेणाऱ्या एका इंग्रज मेजराच्या लोभात. ‘द स्पेकल्ड बँड’मधील डॉक्टर रॉयलट याची पूर्वपीठिकाही लक्षात ठेवण्याजोगी आहे : कलकत्त्यास असताना त्याने आपल्या हिंदी बटलरला मारून मारून ठार केले होते. त्या बिचाऱ्या बटलरची कथा कोणी लिहिली नाही. पण त्याच्या प्रेताची नोंद जर कोठे झाली असेल, तर ती या ‘हलक्या’ वाङ्मयात झाली.

आमच्या प्रतिपादनावर येथे तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की याच कथांनी हिंदी माणसाची निंदा केली आहे. खरे आहे. ‘द साइन ऑफ फोर’मधील अंदमानी टोंगा माणूस म्हणून रंगविलेलाच नाही, आणि त्याबद्दल कॉनन डॉयलला आम्ही निर्दोष सोडू इच्छीत नाही. परंतु ज्याने आपल्याविषयी वाईट साक्ष दिली तो, आणि आपण त्या जागी नव्हतोच असे ज्याने सांगितले तो, यांत उलटतपासणी पहिल्याचीच घेता येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रहस्यकथा एका अपराध्यास पकडून बाकीच्या साऱ्यांना निर्दोष ठरविते. खुनी फासावर जातो आणि गाव पुन्हा चहा प्यावयास मोकळे होते, मग तिचा सत्यशोध तो काय? कनिष्ठ रहस्यकथांना हा आक्षेप पूर्णपणे लागू आहे. पण २००२ ते २०१५ या काळातील ‘फॉइल्स वॉर’ पाहावी. दुसऱ्या महायुद्धात हेस्टिंग्ज गावी नेमलेला हा पोलीस अधिकारी जेव्हा जेव्हा खुन्याजवळ पोचतो, तेव्हा तेव्हा कोणी तरी बडा मनुष्य त्यास सांगतो, की देशाच्या संकटकाळी एका खुनाचे काय घेऊन बसलास! एका भागात तर खुनी ठरलेल्या अमेरिकन धनिकाला युद्धसाहाय्याच्या गरजेपोटी त्याच्या डोळ्यांदेखत सोडून द्यावे लागते. आणि युद्ध कधी तरी संपेल व हिशेब तेव्हाही शिल्लक असेल, एवढे सांगून फॉइल परततो. येथे गाव चहा प्यावयास मोकळे झालेले नाही.

तिसरा आक्षेप ‘द ज्युवेल इन द क्राउन’चा. पॉल स्कॉटच्या चार कादंबऱ्यांवरील ही १९८४ ची चौदा भागांची मालिका पोशाखी असूनही हिंदुस्थानाविषयी निर्भीड आहे, मग आमचा सिद्धान्त टिकतो कसा? आमचे उत्तर असे, की तो येथेच सर्वांत बळकट होतो. या मालिकेचा कणा काय आहे? १९४२ च्या ऑगस्टमध्ये बिबीघर बागेत काय घडले, आणि हरी कुमार खरोखर अपराधी होता काय, ही चौकशी. मेरिक हा पोलीस अधिकारी अपराधी आधी ठरवितो व पुरावा मागाहून गोळा करतो. पुढे तुरुंगात हरीची जबानी घेतली जाते तेव्हा खरा आरोपी कोण हे उघड होते. म्हणजे या परंपरेतील जी मालिका आपल्याला सर्वांत जवळची वाटली, ती रहस्यकथेचा मार्ग धरूनच त्या उंचीला पोचली. वाड्याची आरती करून नव्हे.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा असता, तर इतकी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या मुलांना साम्राज्याचा इतिहास क्रमिक पुस्तकांतून जेवढा कळतो, त्याहून अधिक तो अशा चित्रांतून मनात मुरतो. मेणबत्त्यांच्या प्रकाशात उजळलेला तो वाडा सुंदर होता, त्यातील माणसे भली होती, आणि काळाने त्यांच्यावर अन्याय केला, एवढेच जर त्यांच्या मनात उरले, तर मुर्शिदाबादचा महसूल कोठे गेला हे त्यांना कोण सांगणार? शिवाय जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलर्सचे मंजूर झालेले अनुदान काढून घेतले. तेथील केंद्रांना आता देणगीदारांच्या मर्जीवर अधिकच विसंबावे लागणार. आणि देणगीदारास चौकशीपेक्षा वाडा प्रिय असतो, हे ओळखावयास फार मोठे अर्थशास्त्र लागत नाही.

तेव्हा या मालिकांवर बहिष्कार घाला असे आमचे सांगणे नाही. बहिष्काराने फक्त अज्ञान वाढते. त्या अवश्य पाहाव्यात, मुलांसह पाहाव्यात. मात्र पाहताना शोधकाची सवय सोडू नये. दिवाणखान्यात गालिचा दिसला की तो कोणी विणला हे विचारावे. गळ्यात हिरा दिसला की तो कोणाच्या कपाळावरचा हे विचारावे. आणि घराचा मालक फार सज्जन दिसू लागला, तर त्याच्या आजोबांच्या नोकरीचे गाव कोणते होते, तेवढे चौकशी करून ठेवावे.