दहा गुंठे

15 सप्टेंबर हा सर विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. आपल्या देशात तो अभियंता दिन म्हणून पाळला जातो. यंदा त्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांशी बोलायला आम्ही आमच्या मोहल्ल्यातील चाचांना बोलावले. चाचा पाटबंधारे खात्यातून 2001 साली निवृत्त झाले. वय आता ब्याऐंशी. नाव छापू नका, बाकी हवे ते लिहा, असे त्यांनी आम्हांला बजावले आहे.

मुलांना त्यांनी आधी एक प्रश्न विचारला. "भर उन्हाळ्यात आपल्या वाशिष्ठीला पाणी कुठून येतं?" कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी फळ्यावर सह्याद्री काढला. कोयना नदी मूळची पूर्वेकडे जाणारी, कराडला कृष्णेला मिळणारी. तिचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवले, पोफळीच्या भूमिगत वीजघरात चक्रांवर सोडले आणि वीज काढून झाल्यावर ते वाशिष्ठीला मिळाले. रोज नदीवरून शाळेत येणारी मुले ऐकतच राहिली.

मग ते 1967 च्या भूकंपाकडे वळले. डिप्लोमा करून नुकतेच नोकरीला लागले होते, कोयनानगरला दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होते. रमजान सुरू होऊन आठवडाच झाला होता. 11 डिसेंबरची पहाट, चार वाजून गेलेले. तिघे सहरीला बसले होते, तोच जमीन हलली. "आम्ही जागे होतो म्हणून बाहेर पळालो. शेजारची माणसं झोपेत होती," एवढे बोलून चाचा थांबले. त्या पहाटे दोनशेच्या आसपास माणसे दगावली. कोयनानगरची बहुतेक घरे पडली.

103 मीटर उंचीचे धरण मात्र उभे राहिले. "पण नुसतं उभं आहे म्हणून आम्ही घरी गेलो नाही," चाचा मुलांना म्हणाले. "वरच्या भागात, जिथं भिंतीचा उतार बदलतो, तिथं तडे सापडले. ते मोजले, नोंदवले, भरले. पुढं मागच्या बाजूनं काँक्रीटचे टेकू देऊन भिंत जाड केली. धरणाला काही झालं नाही, असं लिहून मोकळं होता येत नाही."

शेवटी दहावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, तुमच्या हातून सगळ्यात मोठी चूक कोणती झाली?" चाचा हसले. "ती धरणात नाही झाली, बेटा." एवढे सांगून त्यांनी विषय बदलला.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. चाची चहा घेऊन आल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अकरा वेळा बिऱ्हाड हलवले. "हे साइटवर, आणि मी पेट्या बांधतेय," त्या म्हणाल्या. बदल्यांत मुलांची शाळा बुडू लागली, तेव्हा थोरल्याला चिपळूणला आपांकडे ठेवले. आपा म्हणजे चाचांची मोठी बहीण. लवकर बेवा झालेली, शिवणकाम करून दोन मुली वाढवणारी. तिने भाच्याला चार वर्षे सांभाळले.

"आणि त्याच बहिणीकडून मी सही घेतली होती," चाचा म्हणाले.

1974 साली त्यांचे वालिद वारले. वालिदा आधीच गेल्या होत्या. मागे आंब्याची शंभर गुंठे बाग होती. दोन भाऊ, एक बहीण. शरियतच्या हिशेबाने पाच वाटे, त्यातला एक आपांचा, म्हणजे वीस गुंठे. पण चाळिसावा झाल्यावर दोन्ही भावांनी हक्कसोडपत्र पुढे ठेवले आणि आपांनी काही न विचारता सही केली. भावांनी तिला एक साडी घेतली आणि पन्नास-पन्नास गुंठे वाटून घेतले. "तिच्या लग्नात अब्बांनी खर्च केला होता, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. आमच्याही लग्नात केलाच होता की."

निवृत्तीनंतर जुन्या फायली लावताना तो कागद हाती आला. सूरह निसात मुलीचा हिस्सा नेमून दिलेला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. "नोकरीत एक पोतं सिमेंट कमी आलं तरी मी जाब विचारायचो. इथं वीस गुंठ्यांचा हिशेब तीस वर्षं चुकीचा होता आणि मी पाच वक्त नमाज पढत होतो."

आपला वाटा परत द्यायचे त्यांनी ठरवले. थोरला कुवेतहून फोनवर म्हणाला, "अब्बा, फूफीनं स्वतःच सही केली होती ना?" चाचींनी फोन घेतला आणि विचारले, "चार वर्षं तिच्या घरी जेवलास, त्याचा हिशेब करू या का?" पुढे त्याने विरोध केला नाही.

2005 साली दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दहा गुंठ्यांचे बक्षीसपत्र झाले, सातबाऱ्यावर आपांचे नाव चढले. त्या आधी नकोच म्हणत होत्या. पण पुढच्या मे महिन्यात त्यांच्याकडून आंब्याची एक पेटी आली, आत चिठ्ठी होती : माझ्या बागेतले आहेत.

धाकट्या भावाने मात्र आपले दहा गुंठे दिले नाहीत. कागद पक्का आहे, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. आता तोही नाही आणि आपाही नाहीत. दर ईदला चाचा पुतण्यांकडे जातात, शिरखुर्मा खातात आणि निघताना दहा गुंठ्यांचा विषय काढतात. पुतणे अजून ऐकत नाहीत. "पुढच्या ईदला पुन्हा जाईन," ते म्हणाले.

वाचकहो, त्या रात्री घरी येऊन आम्हीही कपाट उघडले. आमचे वालिद पाच वर्षांपूर्वी गेले. दोन्ही बहिणींच्या सह्या आम्ही घरात मातम असतानाच घेतल्या होत्या. "राजीखुशीने" असे त्या कागदावर छापलेले आहे. त्यांना विचारले कुणी होते, हे आम्हांला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दोघींना फोन केला. मोठी बराच वेळ बोललीच नाही. येत्या सुट्टीत सगळे एकत्र बसणार आहोत.

आपल्याही घरात असा कागद असेल तर तो बाहेर काढा. सातबारा समोर ठेवा, एखाद्या आलिमकडून वाटे समजून घ्या, वकिलाकडून कागद करून घ्या. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल, तर तो आधी तिच्या नावावर होऊ द्या. मग काय करायचे ते तिला ठरवू द्या. आणि ज्यांच्या घरी नुकताच जनाजा उठला आहे त्यांना एकच विनंती : त्या दिवसांत कुणाच्याही पुढे सहीसाठी कागद ठेवू नका.