गळ आणि करुणा

पॅरिसला पुरापासून वाचवण्यासाठी फ्रान्समध्ये १९७४ साली डेर-शांतकोक हा ४८ चौरस किलोमीटरचा जलाशय झाला. इंग्लंडची हौशी माणसे तिथे गळाने कार्प धरायला जातात. कार्प म्हणजे आपल्या रोहूच्याच कुळातला मासा. वारा तंबू हलवतो, लाटा उसळतात, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत दोरी अडकते. तरी माणसे दिवसेंदिवस बसून राहतात. मासा लागला की ओल्या गादीवर ठेवून गळ काढतात, जखमेला औषध लावतात, वजन करून पाण्यात सोडतात.

बंधू-भगिनींनो, मासा मेला नाही, म्हणून पहिले शील पाळले गेले काय? गंमत म्हणून टोचायचे आणि मग औषध लावायचे, ही करुणा अर्धीच. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. मुलांकडून पंचशील पाठ करून घेताना हा फरकही समजावून सांगा.